केळशी ते दाभोळ, तिथीप्रमाणे पायी: आम्हा दोघांचे सहा दिवस

गोदाकाठची (परभणी)

नमस्कार. भाऊबीज आटोपल्यावर मी आणि माझे यजमान परभणीहून नांदेड–पनवेल गाडीने निघालो, पनवेलहून कोकण रेल्वेने खेडला उतरलो, तेथून एसटीने दापोली आणि पुढे केळशी गाठली. केळशीपासून दाभोळपर्यंत, म्हणजे आडे, पाडले, अंजर्ले, हर्णे, मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी आणि कोळथरे अशी गावे घेत, सहा दिवस आम्ही किनाऱ्याने चाललो. पाठीवर तंबू होता. दोघेही पन्नाशीच्या जवळ आहोत आणि याआधी आमचे चालणे म्हणजे पहाटेचे फिरणे आणि एकदा केलेली पंढरीची वारी, एवढेच होते.

हा धागा काढण्याचे कारण असे की, किनाऱ्याने चालण्याविषयी मराठीत जे वाचायला मिळते, ते बहुतेक समुद्राच्या शेजारी वाढलेल्या माणसांनी लिहिलेले असते. ज्या गोष्टी त्यांना लहानपणापासून ठाऊक असतात त्या ते सांगत नाहीत, आणि आपल्याकडच्या माणसाला नेमक्या त्याच ठाऊक नसतात. त्यातली पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तिथी. किनाऱ्यावर चालण्याचे वेळापत्रक घड्याळावरून ठरत नाही, तिथीवरून ठरते. आपण पंचांग पाहतो ते मृगाची पेरणी कधी, लग्नाचा मुहूर्त कोणता, एवढ्यासाठी. कोळीवाड्यात ते पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार यासाठी पाहिले जाते.

केळशीत आम्ही ज्यांच्या घरी उतरलो, त्या आजोबांनी पहिल्याच संध्याकाळी हिशेब समजावून दिला. तिथीचा आकडा घ्यावा, त्याला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी आणि नंतर ओहोटी. भरती दररोज पाऊण तासाने, थोडी अधिकच, पुढे सरकते. आम्ही पंचमीला चालायला सुरुवात केली, त्यामुळे पहिल्या दिवशी ओहोटी सकाळी साडेनऊच्या सुमारास होती, षष्ठीला सव्वादहाला, सप्तमीला अकराला. सकाळी सात वाजता निघावे, पाणी उतरत असताना ओल्या, घट्ट वाळूवरून चालावे आणि ऊन चढण्याच्या आत सावली गाठावी, हे त्यामुळे आपोआप जुळून आले. तिथी न पाहता निघालो असतो तर भर दुपारी कोरड्या पुळणीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, पाय रुतवत चालावे लागले असते. कोरड्या वाळूतला एक किलोमीटर हा ओल्या वाळूतल्या दोन किलोमीटरांएवढा थकवतो, हे मी अनुभवाने सांगते.

आता चुकीविषयी लिहिते, कारण ती महत्त्वाची आहे. चौथ्या दिवशी, अष्टमीला, दोन पुळणींच्या मधे डोंगराचे एक नाक समुद्रात शिरलेले होते. आदल्या रात्री गावात एकाने सांगितले होते की ओहोटीला त्या खडकांच्या पायथ्याने सरळ पलीकडे जाता येते, वरच्या रस्त्याने वळसा घालण्याची गरज नाही. आमच्या हिशेबाने ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास होती. आम्ही साडेअकराला तेथे पोहोचलो आणि पाहतो तर पाणी खडकांच्या पायाला लागलेलेच. यजमानांचे म्हणणे असे पडले की, अजून अर्धा तास आहे, उतरेल. आम्ही थांबलो. बारा वाजले, सव्वाबारा वाजले, लाट आली की खडकांमधल्या घळीत गुडघाभर पाणी भरायचे आणि लाट मागे गेली की शेवाळाने हिरवा झालेला एक उतरता दगड तेवढा उघडा पडायचा. त्या दगडावर मी एक पाय ठेवून पाहिला आणि तो लगेच सरकला. मी यजमानांना म्हणाले, "नको."

पलीकडच्या बाजूला एक बाई कोयतीने खडकावरची कालवे (खाण्याचे शिंपले) काढत होत्या. त्यांनी आम्हाला पाहून हातानेच मागे फिरण्याची खूण केली आणि नंतर जवळ येऊन समजावून सांगितले. अष्टमीच्या आसपास भांग असतो. भांगाला भरतीही पुरती चढत नाही आणि ओहोटीही पुरती लागत नाही. ती वाट उघडते ती अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या ओहोटीला. रात्री ज्यांनी आम्हाला वाट सांगितली ते खोटे बोलले नव्हते, परंतु त्यांनी तिथी गृहीत धरली होती आणि आम्ही ओहोटी म्हणजे सगळ्या दिवशी सारखीच, असे धरून चाललो होतो. आम्ही मागे फिरलो, जांभ्याचा सडा, म्हणजे वरचे खडकाळ पठार, चढून डांबरी रस्त्याला लागलो आणि लाडघरला पोहोचायला सूर्यास्त झाला.

निघण्यापूर्वी घरीच आम्ही एक नियम ठरवला होता, तो त्या दिवशी कामाला आला. दोघांपैकी एकाने "नको" म्हटले की त्यावर चर्चा करायची नाही, कारण विचारायचे नाही, रात्री जेवताना हवे तर विचारायचे. पती-पत्नी म्हणून अशा वाटेवर जाणाऱ्या प्रत्येकाला मी हा नियम करण्याची कळकळीने विनंती करते. घरात आपण एकमेकांचे मन मोडू नये म्हणून किती तरी गोष्टींना हो म्हणतो. पाण्याच्या काठावर तसा हो म्हणू नये.

दुसरा नियम असा की, जो हळू चालतो त्याने पुढे चालावे. यजमान माझ्यापेक्षा भरभर चालतात. पहिल्या दिवशी ते पुढे होते आणि मी दर वेळी त्यांना गाठेपर्यंत त्यांची विश्रांती संपलेली असे. दुसऱ्या दिवसापासून मी पुढे झाले आणि दोघांचाही थकवा कमी झाला.

कोणाला प्रश्न असतील तर अवश्य विचारावेत.

बालाघाटी (अंबाजोगाई)

ताई, लेख फार उपयोगाचा आहे. आम्ही दोघे गेली काही वर्षे पावसाळ्यात बालाघाटाच्या डोंगरात फिरतो, परंतु समुद्राकडे जाण्याचे धाडस झाले नाही. पाठीवर किती वजन होते, पाणी किती न्यावे आणि स्वयंपाकाची काय सोय केली, हे सविस्तर लिहावे.

गोदाकाठची (परभणी)

बालाघाटी दादा, माझ्या पाठीवर सात किलो आणि यजमानांच्या पाठीवर साडेनऊ किलो वजन होते, त्यात पाणी धरलेले आहे. पाणी प्रत्येकी तीन लिटर घेऊन निघायचो आणि वाटेतल्या गावात भरून घ्यायचो. आपल्याकडे घाम आला की लगेच वाळतो, त्यामुळे किती घाम गेला ते कळत नसले तरी अंग गार राहते. तेथे हवा दमट असल्याने घाम वाळतच नाही, अंगावरून निथळत राहतो आणि तापमानाचा आकडा आपल्यापेक्षा कमी असूनही जीव घाबरा होतो. परभणीच्या मे महिन्याची सवय असलेल्या माणसाला कोकणातला कार्तिक सोपा जाईल, हा माझा समज पहिल्याच दुपारी दूर झाला. लिंबू, मीठ आणि साखर घातलेली एक बाटली वेगळी ठेवावी आणि तहान लागण्याची वाट न पाहता पीत राहावे.

स्वयंपाकाचे म्हणाल तर गॅसची डबी रेल्वेने नेता येत नाही, ज्वालाग्राही वस्तूंना मनाई आहे. त्यामुळे शेगडीचा विचारच सोडला. सकाळचे आणि दुपारचे बरोबर असलेले खायचे आणि रात्री गावात ज्यांच्या वाडीत (घराजवळच्या बागेत) थांबू त्यांच्याकडे सांगून जेवायचे, असे केले. मी घरून धपाटे, दुधातल्या दशम्या, शेंगांची चटणी आणि जवसाची चटणी नेली होती. आपल्याकडे धपाटे चार-पाच दिवस सहज राहतात. तेथे तिसऱ्या दिवशी डबा उघडला तर कडेने पांढरा बुरा आलेला. सगळे टाकून द्यावे लागले आणि फार वाईट वाटले. चटण्या मात्र शेवटपर्यंत उत्तम राहिल्या. पुढच्या वेळी ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, खारीक, शेंगदाण्याचे लाडू असेच कोरडे पदार्थ नेईन. लाडघरला ज्या माउलींनी आम्हाला गरम तांदळाची भाकरी वाढली, त्यांना मी उरलेली जवसाची चटणी देऊन आले. त्यांनी ती चव आधी कधी घेतली नव्हती.

पायांबद्दल एक गोष्ट राहिली. पुळण समुद्राकडे उतरती असते. आपण दक्षिणेकडे चालतो तेव्हा समुद्र उजव्या हाताला असतो आणि उजवा पाय सतत खाली पडत राहतो. दुसऱ्या दिवशी माझा एकच गुडघा दुखू लागला तेव्हा हे लक्षात आले. ओहोटीच्या वेळी पाण्याच्या अगदी जवळची ओली पट्टी जवळजवळ सपाट असते, तिच्यावरून चालावे. मोज्यात वाळू गेली की दर तासाला बसून ती झटकावी. त्यात आळस केला तर फोड येतात.

माहेर समुद्राचे (जिंतूर)

माझे माहेर हर्णे बंदराजवळचे आणि सासर जिंतूरचे, त्यामुळे हा धागा वाचताना डोळे भरून आले. ताईंनी लिहिलेल्या हिशेबात थोडी भर घालते, कारण याबाबत अर्धवट माहिती धोक्याची ठरते.

पौर्णिमेनंतर वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचे. हा हिशेब ढोबळ आहे. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, म्हणून रत्नागिरीकडे पाणी मुंबईच्या थोडे आधी चढते. शिवाय तिथी मधेच बदलते. त्यामुळे एक तास हातचा राखावा आणि निघण्यापूर्वी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी वेळ ताडून पाहावी. खडकांच्या वाटेने जायचे असेल तर पाणी उतरत असतानाच निघावे आणि ओहोटी पूर्ण होण्याच्या आत पलीकडे पोहोचावे. पाणी चढू लागल्यावर त्या वाटेत पाऊलही टाकू नये.

तंबू कोठे ठोकावा हे विचारायचे झाले तर मर्यादवेल पाहावी. पुळणीच्या वरच्या अंगाला जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची वेल पसरलेली असते. रोजचे पाणी तिच्या पुढे येत नाही, म्हणून ती मर्यादवेल. तिच्या बरीच मागे, सुरूच्या बनाच्या आडोशाला जागा पाहावी. सुरूचे झाड मात्र नीट निरखून घ्यावे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोलीच्या किनाऱ्यावरची असंख्य झाडे पडली. ज्या झाडांची मुळे ढिली झाली आहेत त्यांच्याखाली झोपू नये. आणि नारळाखाली तर कधीच नाही. नारळ आणि झावळ वारा नसतानाही पडते.

शेवटची विनंती कासवांची. केळशी, अंजर्ले, मुरूड या पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या थंडीत अंडी घालण्यासाठी येतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात या कासवाचा समावेश आहे. केळशीच्या उत्तरेकडच्या वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये त्यांच्या संरक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे गावोगावचे लोक त्यात उतरले. रात्री पुळणीवर पांढरा उजेड दिसला की मादी अंडी न घालताच पाण्यात परतते, आणि पिल्ले उजेडाकडे वळून वाट चुकतात. म्हणून पुळणीवर शेकोटी नको, विजेरी नको आणि तंबू तर नकोच.

गोदाकाठची (परभणी)

माहेरवाशीण ताई, मनापासून आभार. मर्यादवेल हे नाव मला तेथेही कोणी सांगितले नव्हते, ती फुले मात्र मी रोज पाहत होते. आम्ही पुळणीवर एकही रात्र काढली नाही. दोन रात्री खाजगी वाडीत मालकांना विचारून तंबू लावला, उरलेल्या रात्री लोकांच्या घरी राहिलो.

त्यातली आड्याची रात्र मला लिहावीशी वाटते. मी एकवीस वर्षे मुलांना खारे वारे आणि मतलई वारे शिकवत आले. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून येतो, रात्री जमीन लवकर निवते म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, असे फळ्यावर बाण काढून सांगायचे. त्या रात्री तंबूच्या दाराची कनात संध्याकाळपासून आत फुगत होती. मग ती मधेच स्तब्ध झाली. लाटांचा आवाज होता, पण पान हलत नव्हते. पहाटे केव्हा तरी जाग आली तेव्हा कनात बाहेरच्या बाजूला, समुद्राकडे ओढली जात होती आणि हवेला गोठ्याचा व वाळल्या गवताचा वास होता. मी यजमानांना उठवून त्यांचा हात त्या कापडावर ठेवला. आता मी हा धडा शिकवते तेव्हा बाण काढण्याआधी मुलांना ते कापड सांगते.

कंधारची लेक (नांदेड)

ताई, एक संकोचाचा पण आवश्यक प्रश्न आहे. मला जायचे आहे, यजमानही तयार आहेत, परंतु प्रातर्विधी, अंघोळ, मासिक पाळी आणि रात्रीची सुरक्षितता या चार गोष्टींवर आमचे घोडे अडते. कोठेही यावर मोकळेपणाने लिहिलेले सापडत नाही.

गोदाकाठची (परभणी)

संकोच करू नका, मलाही हेच प्रश्न होते. वाडीत किंवा घरी थांबण्याचे मुख्य कारण तेच होते. संध्याकाळी पाचच्या आत गाव गाठायचे, घरातल्या बाईशी आधी मी बोलायचे आणि न्हाणीघर वापरू द्याल का हे तंबूच्या जागेआधी विचारायचे. यजमान बोलले की व्यवहार होतो, मी बोलले की ओळख होते. एका गावी मात्र राहण्याची जागा असलेल्या एका गृहस्थांनी, तंबू घेऊन फिरणारी माणसे नकोत, असे तुटकपणे सांगून आम्हाला अंधार पडताना परत पाठवले. तेव्हा मी खरोखर घाबरले. त्यानंतर आम्ही प्रत्येक गावात पोहोचताच पोलीस पाटलांना भेटून आधार कार्ड दाखवू लागलो. आपण कोण, कोठून आलो, उद्या कोठे जाणार, हे त्यांना सांगितले की गावाची नजर आपल्यावर राहते आणि ती नजर संरक्षणाची असते. रोज रात्री मुलीला थांबण्याचे ठिकाण कळवायचो. काही ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून दुपारीच कळवून ठेवावे.

पाळीची तारीख माझी चौथ्या दिवशी होती आणि ती आलीच. गडद रंगाची सैल सलवार, दोन जास्तीच्या जोड्या, वापरलेले पॅड परत आणण्यासाठी जाड काळ्या पिशव्या एवढी तयारी होती. वाळूत काहीही पुरून येऊ नये, पुढच्या भरतीला ते वर येते. त्या दिवशी अंतर कमी ठेवायचे ठरले होते, पण मागे फिरावे लागल्याने ते उलट वाढले. यजमानांनी माझ्या पाठीवरचे तंबूचे कापड न बोलता स्वतःकडे घेतले. ही अडचण आहे, नाही असे नाही, परंतु त्यापायी घरी राहण्याइतकी ती मोठी नाही. कपडे वाळत नाहीत, ही अडचण मला त्याहून मोठी वाटली. लवकर वाळणारे कापडच न्यावे.

गोदाकाठचीचे यजमान (परभणी)

सौ.नी बरेच लिहिले आहे, मी तंबूपुरते लिहितो. आडे येथील वाडीची जमीन निम्मी वाळूचीच होती. आपल्या काळ्या मातीत खुंटी ठोकली की ती उपटताना घाम फुटतो, वाळूत तीच खुंटी वाऱ्याच्या एका झोताने बाहेर येते. पहिल्या रात्री दोन वेळा उठून तंबू सावरावा लागला. नंतर वाडीच्या मालकांनी युक्ती दाखवली. रिकाम्या पिशवीत वाळू भरावी, तिच्या गळ्याला दोरी बांधावी, हातभर खोल खड्ड्यात ती पिशवी आडवी पुरावी आणि वरून वाळू तुडवून घट्ट करावी. मी खताच्या गोणीचे चार तुकडे करून पुढच्या वेळेसाठी शिवून ठेवले आहेत. आतून दव धरते, तेव्हा वरचा झरोका बंद करू नये. घरी आल्यावर तंबू गोड्या पाण्याने धुवावा, नाही तर दाराच्या चेनला मीठ चढून ती अडकते.

आणि खडकाजवळ, उतरेल, असे मी म्हणालो होतो, ते चुकीचे होते, हेही येथे नोंदवतो.

किल्ल्याजवळचा (उदगीर)

थोडे अवांतर लिहितो. आपण जेथे चालणे संपवले ते दाभोळ बहमनी काळात मोठे बंदर होते. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरून जुन्नरमार्गे आमच्या शेजारच्या बीदरला आला आणि परतताना दाभोळहूनच जहाजात बसला. दख्खनच्या पठारावरची माणसे आणि घोडे त्या खाडीच्या वाटेने शतकानुशतके ये-जा करत होती. तेव्हा आपल्याला समुद्र परका, हे आताचे झाले. दाभोळहून पलीकडे धोपाव्याला फेरीबोट जाते, त्यामुळे गुहागरकडे पुढचा टप्पाही जोडता येईल.

कंधारची लेक (नांदेड)

आम्ही दोघांनी ठरवले आहे. माघ वद्य चतुर्थीला केळशीहून निघायचे. हिशेबाप्रमाणे त्या दिवशी भरती दुपारी तीनला आणि ओहोटी सकाळी पावणेनऊच्या सुमारास येते. बरोबर आहे ना? आणि तंबू विकत घेण्यापूर्वी एकदा वापरून पाहता आला तर बरे होईल.

गोदाकाठची (परभणी)

हिशेब बरोबर आहे, तरी तक्ता पाहून घ्या. चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्हालाही भांगच लागेल, म्हणून खडकांची कोणतीही वाट धरू नका, वरच्या रस्त्यानेच जा. त्या सुमारास कासवांच्या घरट्यांची राखण चालू असते, तेव्हा गावात विचारल्याशिवाय अंधारात पुळणीवर उतरू नका.

तंबू आमचाच घेऊन जा. नांदेडहून परभणी काही लांब नाही. धुऊन वाळवून ठेवला आहे, गोणीच्या चारही पिशव्या त्याच्याबरोबर आहेत. एक खुंटी आड्याच्या वाळूत राहिली, तेवढी एक नवी घ्यावी लागेल.